उसना कचरा

"साहेब, घरी स्वयंपाक बंद आहे का?"

वजनकाटा घेऊन आलेल्या माणसाने ओल्या कचऱ्याची बादली उलटी करून दाखवली. तीतून वांग्याचं एक देठ पडलं. त्याने ते अदबीने उचलून काट्यावर ठेवलं. काट्याने त्याची दखल घेतली नाही.

दारात उभे असलेले कचरासाहेब ओशाळले. ते नगरपालिकेच्या घनकचरा विभागात उपअभियंता होते आणि सारी गल्ली त्यांना कचरासाहेबच म्हणायची, तेही तोंडावर. 'कचरा कमी करा' असं लोकांना सांगत ज्याची नोकरी झाली, त्याच्या घरात कचरा निघत नाही, यात खरं तर ओशाळण्यासारखं काय होतं? पण होतं, आणि त्याचं कारण समुद्रापलीकडे होतं.

एका दूरच्या श्रीमंत देशाशी नगरपालिकेचा करार झाला होता. डेपोवर ओला कचरा सडला की त्यातून एक वायू निघतो, आणि हवा तापवण्यात तो धुराच्याही वरताण असतो. त्या देशाचं म्हणणं असं, की आमच्याकडे धूर कमी करायला आता फारशी जागा उरलेली नाही. तेव्हा तुम्ही तुमचा कचरा सडू देऊ नका, त्यापासून जळणाचा गॅस करा. यंत्रं आम्ही देतो. जेवढा वायू हवेत जायचा वाचेल, तेवढं कार्बनचं श्रेय दोघं मिळून वाटून घेऊ. सौदा चांगला होता. पुण्यही पदरात आणि यंत्रंही दारात.

फक्त, वाचलेला वायू मोजायचा कसा? हवेत न गेलेली गोष्ट कुणी पाहिलेली नसते. म्हणून चिठ्ठ्या टाकून शहरातली काही घरं निवडली होती. त्या घरांचा ओला कचरा आठवडाभर रोज तोलायचा, त्याला घरातल्या माणसांनी भागायचं आणि त्यावरून साऱ्या शहराचा अंदाज बांधायचा. शेवटच्या दिवशी त्या देशाच्या तपासनीस बाई स्वतः येऊन पाहणार होत्या. आणि चिठ्ठी निघाली ती नेमकी कचरासाहेबांच्या घराची.

"बदलता नाही येणार?" त्यांनी विचारून पाहिलं होतं.

"चिठ्ठी ती चिठ्ठी," मोठे साहेब म्हणाले होते. "आणि घाबरता कशाला? कचऱ्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

कळत होतं, प्रश्नच नाही. पण त्यांच्या स्वतःच्या घरातला कचरा गेलं वर्षभर सासूबाईंच्या ताब्यात होता.

सासूबाई चार दिवसांसाठी आल्या होत्या. रस्ता रुंद करताना त्यांची भाड्याची खोली गेली. दुसरी मिळेपर्यंत लेकीकडे, असं ठरलं होतं. ते चार दिवस काही संपले नाहीत, आणि त्याचं कचरासाहेबांना फार बरं वाटत होतं. सासूबाईंना मात्र आपण पाहुण्या आहोत याचा क्षणभर विसर पडत नसे. त्या खुर्चीच्या कडेला टेकत, आंघोळीला पाणी बेताचं घेत, आपल्या खोलीतला दिवा सगळ्यांच्या आधी मालवत. स्वयंपाकघरात तर त्या काही म्हणता काही वाया जाऊ देत नसत. भोपळ्याच्या साली परतल्या जात, कोथिंबिरीच्या काड्या रश्श्यात जात, लिंबाच्या साली भांडी घाशीत, चहाचा चोथा धुऊन कुंड्यांत पडे आणि शिळ्या पावाचा चुरा दुसऱ्या दिवशी कशात तरी वेषांतर करून ताटात येई. वांग्याचं देठ तेवढं त्यांच्या हातून निसटलं होतं, आणि त्याचीही त्यांना चुटपुट लागली असणार.

एवढं करूनही आपलं ओझं होतंय, असंच त्यांना वाटे. परवा जेवताना त्यांनी हळूच जाहीर केलं, की गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांसाठी वसतिगृह आहे, तिथे खोली मिळतेय, एक तारखेला जाईन म्हणते. लेक रडली. कचरासाहेबांनी घसा खाकरला, "बरं" म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. त्यांना त्या जायला नको होत्या. पण 'राहा' म्हणावं, तर जावयाला आयता डबा सुटवत नाही असं वाटायचं. शिवाय 'राहा' म्हणायच्या आधी माणसाला काहीतरी हाक मारावी लागते, आणि तीच त्यांची वर्षभर ठरली नव्हती. 'आई' म्हणायला जीभ रेटेना. 'सासूबाई' असं कुणी तोंडावर म्हणत नाही. "ते... चहा घेणार का?" एवढ्या भांडवलावर गृहस्थाने वर्ष काढलं होतं.

देठाची बातमी दुपारपर्यंत मोठ्या साहेबांकडे पोहोचली.

"अहो, हे काय? वांग्याचं देठ?"

"सासूबाई काटकसरी आहेत, साहेब."

"ते मला सांगून काय उपयोग? तुमचं एक घर म्हणजे कागदावर हजारो घरं. तुमच्याकडे देठ निघालं की सगळ्या शहरात देठ निघतं. कचराच नाही तर वायू कुठला? आणि वायूच नाही, तर वाचवणार काय, डोंबल? त्या बाई यंत्रं घेऊन परत जातील!"

"म्हणजे आम्ही नासाडी करायची?"

"नासाडी कोण म्हणतंय? चारचौघांसारखं वागा. चारचौघं टाकतात तेवढं टाका!"

संध्याकाळी कचरासाहेबांनी बायकोला बाल्कनीत गाठलं.

"तुझ्या आईला सांग ना, जरा टाकत जा म्हणावं."

"काय टाकत जा?"

"काहीही. साली. देठं. उरलंसुरलं."

"मी नाही सांगणार. कचरा तुझं खातं आहे, तू सांग."

"मला नाही जमायचं."

"कमाल आहे! परदेशाशी करार करतोस आणि आईशी दोन शब्द बोलता येत नाहीत?"

शेवटी ती भीतभीत आत गेली आणि एवढंच म्हणाली, "आई, ह्याचं म्हणणं, तू एवढी काटकसर करू नकोस." सासूबाईंनी त्याचा अर्थ लावला, की जावईबापूंना सालींची भाजी आवडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनसालीची भाजी आणली आणि तीही अशी बेतून केली, की पातेलं पुसून खावं लागलं. बादलीत त्या दिवशी देठसुद्धा नव्हतं.

मग कचरासाहेबांनी डोकं चालवलं. त्यांनी बाजारातून एक अवाढव्य कलिंगड खांद्यावर मारून आणलं. आतलं कितीही खाल्लं, तरी साल थोडीच कुणी खाणार? पण सकाळी पाहतात तो सालीचा पांढरा गर किसून भाजीत गेलेला, बिया धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या आणि उरलेली हिरवी पाठ खालच्या सुताराच्या शेळीच्या तोंडात. शेळी वर बघून रवंथ करत होती. "बरं केलंत हो कलिंगड आणलंत," सासूबाई म्हणाल्या, "काही म्हणता काही वाया गेलं नाही."

आता मात्र त्यांचा धीर सुटला. पुढच्या सकाळी वजनवाला यायच्या आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ऑफिसात न्यायचा डबा उघडला आणि सगळाच्या सगळा बादलीत ओतला. वजनवाल्याने बादली काट्यावर उपडी केली आणि काटा प्रथमच हलला.

"वा साहेब! आज झालं बघा काहीतरी!"

कचरासाहेब हसत मागे वळले. मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी काट्यावरचा भात पाहिला, पहाटे उठून केलेली भाजी पाहिली आणि आत गेल्या.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "एक तारखेची कशाला वाट बघायची? रविवारीच जाते."

बायको तडक बाल्कनीत आली. "तू आईचा डबा कचऱ्यात टाकलास?"

"शहरासाठी टाकला!"

"दिवसभर काय खाल्लंस मग?"

"पाणी प्यायलो."

त्यांचा चेहरा पाहून तिला हसावं की रडावं कळेना. ती आत गेली, आईला समोर बसवलं आणि तो देश, तो वायू, ती चिठ्ठी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. सासूबाईंनी मध्ये एकदाच विचारलं.

"म्हणजे माझ्या हातचं त्यांना आवडतं?"

"आई, तो आज उपाशी राहिला, पण बाहेरचं खाल्लं नाही."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आणि त्या बाई एवढा समुद्र ओलांडून आपल्याकडे कचरा बघायला येणार?"

"हो, उद्या."

"आणि आपण त्यांना रिकामी बादली दाखवणार? शोभतं का हे?"

"मग टाक ना काहीतरी."

"मला नाही बाई टाकवणार. जन्मात टाकलं नाही, आता हात उचलायचा नाही." त्या उठल्या आणि फडताळातून वाटी काढली. "उसना आणते."

वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, साखर हवी असेल.

"साखर नको. साली असतील तर द्या. उद्या संध्याकाळी परत करते."

"अहो, परत कसल्या करता! पण कशाला?"

सासूबाईंनी सांगितलं. काकूंनी ऐकलं मात्र, त्यांचा ऊर भरून आला. आपल्या इमारतीची अब्रू अशी वांग्याच्या देठाला लटकली आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी साली दिल्या. पण परकी माणसं बघणार म्हणून आधी स्वच्छ धुतल्या. मग त्या शेजारी गेल्या, शेजारच्यांनी पलीकडे सांगितलं. तळमजल्यावरच्यांनी मुलांनी खाल्लेल्या कणसांची बुरकुंडं पाठवली. मांजर पाळणाऱ्या एकट्या गृहस्थांनी माशांचे काटे दिले, वर निरोप दिला की मांजर आज उपाशी राहील, पण देशाच्या कामाला मागे हटणार नाही. कुणी तर खास फळं आणून, केवळ सालींसाठी, इच्छा नसताना खाल्ली. बादली भरली, वर शीग आली आणि दुसरी बादली लागली.

सकाळी त्या दोन बादल्या पाहून कचरासाहेबांना भरून आलं. सासूबाईंनी आपल्यासाठी एवढं टाकलं! मग त्यांना माशांचा वास आला. या घरात मासे शिजत नसत. ते काही विचारणार तोच जिन्यात बुटांचा आवाज झाला.

तपासनीस बाई उंच आणि शांत होत्या. दुभाष्याचं काम मोठ्या साहेबांनी स्वतःकडे घेतलं होतं. बाईंनी हॉलमध्ये प्लास्टिक अंथरलं, रबरी हातमोजे चढवले, बादल्या उपड्या केल्या आणि भाजीवालीच्या सफाईने सगळं वेगवेगळं लावून ठेवलं. दारात काकूंसह अर्धी इमारत आपापला कचरा ओळखत उभी होती.

"त्या विचारतात, मासे कोण खातं?" मोठे साहेब म्हणाले.

मांजरवाले गृहस्थ दारातल्या गर्दीत जरा मागे सरकले.

"त्या विचारतात, हे कणीस ज्याने खाल्लं त्याचे पुढचे दोन दात पडलेत. ते मूल कुठंय?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"आणि या साली धुतलेल्या का आहेत?"

"सवय असते एकेकाला!" काकू दारातून म्हणाल्या.

सासूबाईंना ते सहन झालं नाही. "साहेब, त्यांना खरं ते सांगा. हा कचरा आमचा नाही. उसना आणलाय."

मोठे साहेब 'उसना' या शब्दाशी बराच वेळ झटले. शेवटी त्यांनी 'आंतरकुटुंब सहकार्य' अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. बाईंनी ते ऐकलं, दारातल्या गर्दीकडे पाहिलं आणि सगळा ढीग हाताने बाजूला सारला. हा धरायचा नाही. या घरचा आठवडाभराचा खरा तोलच धरायचा, असं त्यांनी सांगितलं. खरा तोल म्हणजे एक देठ आणि एक डबा. मग त्यांनी पेन उघडून विचारलं, घरात माणसं किती?

मोठ्या साहेबांच्या कपाळावर घाम आला. डब्याला दोघांनी भागलं, तर घर कसंबसं तरत होतं. तिघांनी भागलं, की बुडालं.

"दोन," सासूबाईच म्हणाल्या. "मी पाहुणी आहे. रविवारी जायचीच आहे."

मोठ्या साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि 'दोन' म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा," कचरासाहेब म्हणाले.

करार होण्याआधी नगरपालिकेने त्यांना त्या देशाच्या भाषेच्या वर्गाला बसवलं होतं. तिथे त्यांना सडणं, तोलणं, गॅस, यंत्र असे शब्द आले होते. माणसांबद्दलचे फारसे आले नव्हते. तेवढ्यावरच ते बाईंशी बोलू लागले. अडखळत, पण पहिल्यांदाच न थांबता.

"दोन नाही. तीन. ही पाहुणी नाही. ही आई आहे." परक्या भाषेत तो शब्द अजिबात अडला नाही. "आधी आमच्या घरी कचरा खूप होता. मी ऑफिसात बसायचो उशिरापर्यंत. बायको पण. अन्न आणायचो, ते सडायचं. मग ही आली. आता मी लवकर घरी येतो. आता या घरात काही सडत नाही. मला हिला 'जाऊ नका' म्हणायचं आहे. मला येत नाही. तुम्हाला सांगतो, कारण हिला ही भाषा कळत नाही. तीन लिहा."

सासूबाई प्लास्टिकवरच्या सालींकडे बघत होत्या.

"तीन, म्हणतात," मोठे साहेब कोरडेपणाने म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

बाईंनी लिहिलं. मग त्या बराच वेळ बोलल्या. कचरासाहेबांना समजलं ते एवढं, की एका घराने शहर बुडत नाही, बाकीची घरं भरपूर टाकतात. कमी असेल तर कमी लिहायचं. पुढच्या वेळी कृपा करून उसनवारी नको. मोठ्या साहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि ते सासूबाईंकडे वळले.

"त्या म्हणतात, तीन माणसांची नोंद झाली. आता करार संपेपर्यंत या घरातला माणूस कमी करता येणार नाही. केलात, तर दोन देशांत बखेडा होईल."

"अगं बाई! आणि करार किती दिवसांचा?"

"दहा वर्षांचा."

कचरासाहेबांनी कराराचं कलम न् कलम वाचलं होतं. त्यांनी चमकून मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मोठे साहेब छताच्या पंख्याचं बारकाईने निरीक्षण करत होते.

"दोन देशांचा प्रश्न आहे म्हटल्यावर," सासूबाई म्हणाल्या, "माझं एकटीचं काय चालणार?"

बायकोने पटकन तोंड वळवलं आणि डोळे पुसले. दारातल्या लोकांनी, काय झालं ते नीट न कळताही, टाळ्या वाजवल्या.

निघताना तपासनीस बाईंनी हातमोजा काढून सासूबाईंचा हात हातात घेतला. सासूबाई त्यांना काहीतरी म्हणाल्या. अगदी सावकाश, स्वच्छ, बाईंच्याच भाषेत. बाई आधी चकित झाल्या, मग खळखळून हसल्या, आणि दोघी दाराशी उभ्या राहून, जुन्या मैत्रिणी बोलाव्यात तशा बोलत राहिल्या. दोन पायऱ्या उतरलेले मोठे साहेब एक पाय अधांतरी ठेवून थांबले. नंतर ते जिना जरा जास्तच घाईने उतरले.

कचरासाहेब रिकामी बादली धरून तसेच उभे होते.

"ते... तुम्हाला त्यांची भाषा येते?"

"जहाज कंपनीत नोकरी झाली ना माझी. तिकडून आलेली सगळी पत्रं मीच वाचायची, उत्तरंही मीच लिहायची."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तू मला कधी बोलली नाहीस!"

"तू तिला कधी विचारलंस?"

कचरासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल होऊ लागल्या. "म्हणजे साहेबांनी सांगितलं ते... दहा वर्षांचं..."

"त्या बाई तसं काही म्हणाल्या नव्हत्या," सासूबाई म्हणाल्या. "पण साहेब इतकं छान सांगत होते, मध्ये कशाला तोंड घालायचं?"

"आणि मी जे... म्हणजे मी बोललो ते..."

सासूबाईंनी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली. आज पहिल्यांदाच त्या खुर्चीत मागे टेकून, ऐसपैस बसल्या.

"मजकूर चांगला होता," त्या म्हणाल्या. "उच्चार फार कच्चा आहे तुमचा. रोज संध्याकाळी बसत जा माझ्यापाशी थोडा वेळ. दहा वर्षांत येईल."